खाली दुकान, वर बिऱ्हाड

आपली जुनी शहरे ज्यांनी पायी हिंडून पाहिली असतील त्यांना एक गोष्ट जाणवल्यावाचून राहिली नसेल. तेथे घर आणि दुकान ही दोन निरनिराळी ठिकाणे नसत. रस्त्याला लागून ओटा, ओट्यावर गादी किंवा तराजू, त्यामागे कोठार, कोठारामागे माजघर आणि स्वयंपाकघर, आणि माडीवर बिऱ्हाड. इंदूरचा बजाजखाना घ्या, लष्कर-ग्वाल्हेरचा सराफा घ्या, बडोद्याची मांडवी घ्या, की बेळगावचा खडेबाजार घ्या. मांडणी थोड्याफार फरकाने हीच. सोनार पेढीवर बसे आणि घरातून हाक आली की पानावर जाऊन बसे. वैद्यबुवांचा दवाखाना ओसरीवर, शिंप्याचे यंत्र खिडकीशी, शास्त्रीबुवांची शिकवणी सोप्यात. शिंदे, होळकर, गायकवाड यांच्या आश्रयाने महाराष्ट्राबाहेर येऊन स्थिरावलेल्या आपल्या कित्येक घराण्यांचा प्रपंच अशाच ओट्यांवर आणि ओसऱ्यांवर उभा राहिला.

आज या मांडणीला नगरनियोजनाच्या परिभाषेत 'मिश्र भू-उपयोग' असे नाव आहे. जी गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या नियम होती ती आता अपवाद ठरली आहे. तीही परवानगी मिळाली तर, शुल्क भरले तर, आणि रस्ता पुरेसा रुंद असला तर. हा बदल कसा झाला, त्यात कोणाचे भले झाले आणि कोणाचा घास गेला, याचा विचार या महिन्यात वाचकांसमोर मांडावा असे मनात आहे. विषय वरवर पाहता रुक्ष आहे. परंतु ज्याचे स्वतःचे घर आहे किंवा ज्याचे छोटेसे दुकान आहे, त्याच्या तो चुलीपर्यंत येऊन पोहोचतो.

शहराचा विकास-आराखडा म्हणजे एक मोठा रंगीत नकाशा असतो. निवासासाठी पिवळा, कारखान्यांसाठी जांभळा, उद्यानांसाठी हिरवा, व्यापारासाठी आणखी निराळा, असे रंग त्यात भरलेले असतात. आपली जागा ज्या रंगात आली त्या रंगाला मान्य असेल तोच उपयोग आपण करावयाचा. घर आपले, खरेदीखत आपल्या नावाचे, कर आपण भरलेला; तरीही पुढच्या खोलीत शिवणाची चार यंत्रे मांडावयाची की नाही, हे तो रंग ठरवितो.

या कल्पनेचा उगम आपल्याकडचा नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपातील शहरांत कारखान्यांची धुराडी घरांच्या खिडक्यांशी आली, तेव्हा वस्ती आणि कारखाना यांना एकमेकांपासून दूर ठेवण्याची आवश्यकता निर्माण झाली. जर्मनीतील फ्रांकफुर्ट शहराने १८९१ मध्ये अशी विभागणी केली. न्यूयॉर्कने १९१६ मध्ये सबंध शहराला लागू होणारा नियम केला. अमेरिकेतील क्लीव्हलँडजवळच्या युक्लिड नावाच्या लहानशा गावाने १९२२ मध्ये तसाच नियम केला, तेव्हा एक जमीनमालक कंपनी न्यायालयात गेली. तिचे म्हणणे असे की, कारखान्यासाठी एकरी दहा हजार डॉलर किंमत येणारी आपली जमीन निवासासाठी राखून ठेवल्यामुळे अडीच हजारांवर आली. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९२६ मध्ये गावाच्या बाजूने निकाल दिला, आणि नकाशावरच्या रंगाला जमिनीची किंमत ठरविण्याचा अधिकार आहे, हे जगाच्या पुष्कळ भागांत मान्य होऊन गेले.

मूळ हेतू लोककल्याणाचा होता, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु कल्याणाच्या नावाखाली नियम कोणावर रोखला जातो, हेही इतिहासात पाहावे लागते. सॅन फ्रान्सिस्को शहरात १८८० मध्ये असा नियम झाला की, लाकडी इमारतीत धोबीकाम करावयाचे तर नगरमंडळाची परवानगी हवी. कारण आगीच्या भयाचे सांगितले गेले, आणि ते खोटेही नव्हते. शहरातील सुमारे ३२० धोबीखान्यांपैकी सुमारे ३१० लाकडी इमारतींतच होते. प्रत्यक्षात झाले असे की, परवानगी मागणाऱ्या सुमारे दोनशे चिनी धोब्यांपैकी एकालाही ती मिळाली नाही, आणि चिनी नसलेल्यांपैकी एक सोडून सर्वांना मिळाली. १८८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा पक्षपात रद्द ठरविला. नियमाचे शब्द निर्दोष असूनही त्याचा अंमल किती विषम होऊ शकतो, याचे हे उदाहरण कायद्याचे विद्यार्थी आजही अभ्यासतात.

आता आपल्या माळव्याकडे येऊ. इंदूर शहराच्या नियोजनाची कथा मोठ्या मानाच्या पाहुण्यापासून सुरू होते. स्कॉटलंडचे थोर नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी १९१६ मध्ये बडोद्याविषयी आणि १९१८ मध्ये होळकर दरबारासाठी इंदूरविषयी अहवाल लिहिला. इंदूरचा अहवाल दोन खंडांचा आहे. पुढे १९१९ मध्ये ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. जुन्या वस्तीतून सरळ रेघ ओढून रुंद रस्ता काढावा आणि आड येईल ते पाडावे, ही त्या काळच्या अभियंत्यांची रीत. गेडिस यांचा तिला कडवा विरोध होता. त्यांची पद्धत निष्णात शल्यवैद्यासारखी होती. आधी घराघरांतून, गल्लीगल्लीतून पायी हिंडून निदान करावयाचे. मग जेथे खरोखर कुजले आहे तेवढेच काढावयाचे. एखादे पडके घर हटवून तेथे चौक मोकळा करावयाचा, एक झाड लावावयाचे, आणि बाकीचे जिवंत शरीर तसेच राहू द्यावयाचे.

त्यांच्या चरित्रांत इंदूरच्या प्लेगच्या दिवसांतील एक प्रसंग येतो. दिवाळीची मिरवणूक काढावयाची होती. तिचा मार्ग परंपरेप्रमाणे ठरणार नाही, ज्या रस्त्यावर जास्तीत जास्त घरे स्वच्छ आणि दुरुस्त केलेली असतील त्या रस्त्याने ती जाईल, असे त्यांनी जाहीर करविले. नोटिसांनी जे झाले नसते ते या एका घोषणेने झाले, आणि लोक आपापल्या घरांच्या साफसफाईला लागले. नियम कोणाच्या गळ्यात बांधावयाचा नसून कोणाच्या हाती द्यावयाचा असतो, हे या गृहस्थाला उमगले होते.

स्वातंत्र्यानंतरची वाट मात्र निराळी झाली. मध्य प्रदेश नगर तथा ग्राम निवेश अधिनियम १९७३ मध्ये झाला. या अधिनियमात 'विकास' या शब्दाची व्याख्या मोठी व्यापक आहे. नवे बांधकाम तर विकास आहेच, पण इमारतीच्या किंवा जमिनीच्या उपयोगात महत्त्वाचा बदल करणे हाही विकासच. आणि विकासाला परवानगी आवश्यक. एक वीटही न लावता दिवाणखान्याचे दुकान केले, तरी कायद्याच्या दृष्टीने तो विकास होऊ शकतो. दुसरे कलम याहूनही महत्त्वाचे आहे. आराखडा लागू झाला त्या दिवशी एखाद्या जागेचा जो उपयोग चालू होता, तो आराखड्याशी जुळत नसला तर तो पुढे चालू ठेवण्याची परवानगी संचालक आपल्या विवेकाने देऊ शकतात. परंतु ही मुभा सात वर्षांपलीकडे देता येत नाही. म्हणजे एखादे कुटुंब दोन पिढ्या एका जागी काही व्यवसाय करीत असले आणि मागाहून तेथे नकाशाचा निराळा रंग आला, तर रंग पक्का आणि माणूस मुदतीचा!

इंदूरची २०२१ सालापर्यंतची विकास-योजना १ जानेवारी २००८ पासून लागू झाली. ते क्षितिजवर्ष संपले तेव्हा पुढची योजना हाती आलेली नव्हती. शहर नकाशाची वाट पाहत थांबत नाही. वस्ती वाढते, मुले मोठी होतात, नोकऱ्या मिळत नाहीत, आणि पोटासाठी रस्त्याकडची खोली उघडली जाते.

शाळेच्या प्रवेश-अर्जात 'पालकाचा व्यवसाय' आणि 'निवासाचा पत्ता' असे दोन रकाने असतात. शासकीय शाळेत मुले कोणाची येतात, हे सांगावयास नको. त्या अर्जांवरून दरवर्षी नजर फिरविताना मला असे दिसते की, कितीतरी मुलांच्या बाबतीत व्यवसायाचे ठिकाण आणि घराचा पत्ता एकच असतो. सायकलदुरुस्ती, इस्त्री, पापड, शिवण, किराणा, झेरॉक्स, केशकर्तन. ही मुले दुपारी घरी जातात ती दुकानातच जातात. गल्ल्याशेजारी बसून गृहपाठ करतात आणि आई आत गेली असता गिऱ्हाइकाला साबणाची वडीही देतात. या घरांत भाड्याचा वेगळा गाळा घेण्याची ऐपत नाही, म्हणूनच दुकान घरात आहे. ते दुकान बंद झाले की दोन-तीन महिन्यांत शाळा सोडल्याचा दाखला मागावयास पालक उभे राहतात. 'गावी परत जातोय, साहेब,' एवढेच कारण सांगतात.

आमच्या आळीत एक वहिनी आहेत. यजमान अकाली गेले. पदरी दोन मुली. त्यांनी पुढच्या खोलीत पिठाची गिरणी आणि मसाले कुटण्याचे यंत्र बसविले. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, दिवाळीचा फराळ. इंदुरातल्या मराठी घरांतून त्यांच्या मसाल्याला मागणी होती, आणि परदेशी गेलेल्या लेकरांच्या सामानातूनही तो जात असे. गुमास्त्याचा परवाना काढलेला, विजेचे बिल व्यापारी दराने भरलेले, घरपट्टीही त्याच दराने. एके दिवशी नोटीस आली की, निवासी भूखंडाचा अनधिकृत व्यापारी उपयोग होत आहे. एका खात्याने पावती द्यावी आणि दुसऱ्याने त्याच गोष्टीला गुन्हा म्हणावे, हे कोडे त्यांना अखेरपर्यंत उलगडले नाही. मी त्यांच्याबरोबर संबंधित कार्यालयात दोन वेळा जाऊन आलो. परतताना त्या म्हणाल्या, ''भावोजी, गिरणीचा आवाज होतो म्हणाले असते तर मी ती फक्त दुपारी लावली असती. मसाल्याचा ठसका शेजारी जातो म्हणाले असते तर खिडकी बंद करून वर धुराडं काढलं असतं. पण तसं कुणी विचारलंच नाही. म्हणतात, नकाशात इथं दुकान नाही.''

वहिनींनी दूरच्या बाजारात गाळा भाड्याने घेतला. भाडे, जाण्यायेण्याचा खर्च, आणि घरी एकट्या राहणाऱ्या मुलींची काळजी. मिळकत यातच संपली. वर्षभरात गाळा सोडावा लागला. थोरलीने शिक्षण थांबवून एका दुकानात नोकरी धरली. त्याच वसाहतीच्या टोकाला, तशाच निवासी भूखंडावर, कपड्यांचे तीन मजली दालन मात्र आजही झगमगत आहे. त्यांच्याकडे वकील आहे, वास्तुविशारद आहे, आणि तारखा लांबविण्याची शक्ती आहे. जाळे कोणत्या मासळीला अडविते आणि कोणती ते फाडून निघून जाते, हे वाचकांनीच ठरवावे.

नियम बिनतोडपणे लावला तर न्याय होईल, असे कोणी म्हणेल. तो प्रयोग दिल्लीने करून पाहिला आहे. दिल्लीची पहिली बृहत्‌योजना १९६२ च्या सप्टेंबरात लागू झाली. तिच्यात वस्ती एकीकडे आणि व्यापार नेमून दिलेल्या केंद्रांत, अशी कल्पना होती. शहर मात्र फाळणीच्या निर्वासितांनी आणि पुढे देशभरातून आलेल्या लोकांनी फुगत गेले. व्यापाराच्या नियोजित जागा त्या वेगाने तयार झाल्या नाहीत, आणि दुकाने वस्त्यांत शिरली. चार दशके सगळे पाहत राहिले. अखेर १६ फेब्रुवारी २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवासी जागांतील अनधिकृत व्यापार बंद करण्याचा आदेश दिला, देखरेखीसाठी समिती नेमली, आणि मार्चअखेरीस दुकानांना सील ठोकण्यास आरंभ झाला. व्यापाऱ्यांचे बंद, मोर्चे, दगडफेक असे करता करता २० सप्टेंबर २००६ रोजी सीलमपूर भागात गोळीबार झाला आणि चार माणसे प्राणाला मुकली. रेशनच्या रांगेसाठी नव्हे, सीमेसाठी नव्हे. दुकान कोठे असावे एवढ्या प्रश्नासाठी!

त्या सुमारास आणि पुढे जे घडले ते अधिक बोधप्रद आहे. त्याच महिन्यात २१८३ रस्त्यांवर व्यापारी किंवा मिश्र उपयोगास मान्यता देणारी अधिसूचना निघाली. फेब्रुवारी २००७ मध्ये नवी बृहत्‌योजना आली आणि तिने मिश्र उपयोगाचे स्वतंत्र प्रकरणच घातले. काल जो अपराध होता तो आज शुल्क भरून मिळणारा हक्क झाला. मोहीम थांबविण्यासाठी संसदेने २००६ मध्ये एका वर्षासाठी म्हणून विशेष कायदा केला होता. त्या संरक्षणाची मुदत वारंवार वाढवावी लागली; डिसेंबर २०२३ मध्ये ती ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत नेण्यात आली. मधल्या काळात डिसेंबर २०१७ पासून सील ठोकणे पुन्हा सुरू झालेच होते. एका वर्षाचा तात्पुरता टेकू वीस वर्षे लावून ठेवावा लागला, तर भिंतीचेच काही चुकले असले पाहिजे. हजारो लोक एकाच वेळी एकच नियम मोडीत असतील, तर त्या सर्वांना दुर्जन म्हणण्यापूर्वी नियमाकडे एकदा पाहून घेणे शहाणपणाचे.

दुसरी बाजू न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्याच्या भिंतीला लागून रात्री अकरापर्यंत यंत्र धडधडते, ज्याच्या दारात गिऱ्हाइकांच्या गाड्या उभ्या राहिल्याने आजारी वडिलांसाठी रुग्णवाहिका येऊ शकत नाही, त्यालाही घर आहे आणि त्याचाही हक्क आहे. आयुष्याची पुंजी घालून शांत वसाहतीत घर बांधावे आणि शेजारी मंगल कार्यालय उभे राहावे, हा अनुभव वाचकांपैकी अनेकांना असेल. आणि प्रश्न नेहमी गैरसोयीवर थांबत नाही. ८ डिसेंबर २०१९ च्या पहाटे दिल्लीतील अनाज मंडी भागात, दाट वस्तीतल्या एका इमारतीत चाललेल्या कारखान्याला आग लागली आणि ४३ जण मृत्युमुखी पडले. त्यांतले बहुतेक तेथेच झोपलेले मजूर होते. अशा जागी 'गरिबाच्या पोटावर पाय देऊ नका' एवढे म्हणून भागत नाही. त्या मजुरांहून गरीब कोण होते?

परंतु नीट पाहिले तर या दुर्घटनेचा बोध आमच्या वहिनींच्या विरुद्ध जात नाही. ते लोक धुराने, अरुंद वाटांनी आणि ज्वलनशील मालाने मेले. 'वस्तीत व्यवसाय होता' एवढेच कारण धरून बसल्यास मसाल्याची गिरणी आणि ज्वलनशील मालाचा कारखाना एकाच यादीत जातात. यादी इतकी लांब होते की, निरीक्षकाला ती पुरी करणे अशक्य. आणि जे पुरे करणे अशक्य असते तेथे निवड सुरू होते. निवडीतून देवाणघेवाण. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, या म्हणीचा अर्थ विद्यार्थ्यांना समजावून सांगण्यासाठी मला याहून चांगले उदाहरण सापडलेले नाही. ज्याने दहा धोकादायक जागा बारकाईने तपासावयाच्या, त्याने शंभर निरुपद्रवी ओट्यांना नोटिसा वाटल्या, तर धोकादायक जागा तशीच राहते.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे की, व्यवसायाचे नाव काय, हे विचारण्याआधी त्याचा उपद्रव किती, हे विचारले जावे. आवाज किती, धूर किती, विजेचा भार किती, माणसे किती, गाड्या किती, आग लागल्यास बाहेर पडण्याची वाट आहे की नाही. यांतल्या प्रत्येक गोष्टीचे मोजमाप होऊ शकते, आणि प्रत्येकीवर मर्यादा घालता येते. मर्यादेत राहील त्याला निर्भयपणे चालू द्यावे. मर्यादा ओलांडील त्याला, तो कितीही मोठा असो, तत्काळ थांबवावे.

ही निव्वळ मास्तरकीची कल्पना आहे, असे कोणी समजू नये. जपानमध्ये सर्वांत शांत, बुटक्या घरांच्या निवासी विभागातदेखील राहत्या घरात लहान दुकान किंवा कार्यालय चालविता येते. अट एवढीच की त्याचे क्षेत्र ५० चौरस मीटरपेक्षा अधिक नसावे आणि घराच्या निम्म्याहून कमी असावे. दिल्लीनेही इतक्या हालअपेष्टांनंतर २००७ च्या योजनेत हेच मान्य केले. किराणा, भाजीपाला, औषधे, शिवण, इस्त्री यांसारख्या नित्याच्या गरजांची २० चौरस मीटरपर्यंतची, म्हणजे सुमारे २१५ चौरस फुटांची दुकाने तळमजल्यावर उच्चभ्रू वसाहतींतही चालावीत, असे ठरले. घरगुती उद्योगाला माणसांची आणि विजेच्या भाराची मर्यादा घातली गेली. हेच १९६२ मध्ये लिहिले असते तर?

आणि इंदूरकराने यासाठी जपानपर्यंत तरी का जावे? राजवाड्यामागच्या सराफ्यात दिवसा सोन्याचांदीचा व्यवहार चालतो. रात्री पेढ्यांची दारे बंद झाली की त्याच ओट्यांसमोर भुट्ट्याचा कीस, गराडू आणि जिलबी यांच्या कढया चढतात. एकाच जागेचे दोन उपयोग, घड्याळाने वाटून दिलेले. माणसांची वर्दळ असल्यामुळे पेढ्यांनाही रात्री आपोआप पहारा मिळतो, असे जुने लोक सांगत आले. हा रात्रीचा बाजार कोणत्याही नकाशातून जन्मलेला नाही. अलीकडे तेथील गर्दी आणि गॅसच्या टाक्या यांवरून वाद होतात, आणि ते रास्तही आहेत. परंतु वादाचा विषय काय तो पाहा. टाक्या किती असाव्यात, वाट किती मोकळी असावी, दुकाने किती असावीत. अगदी बरोबर! हेच प्रश्न आहेत, आणि हेच प्रश्न आमच्या वहिनींनाही विचारले जावयास हवे होते.

आणखी एक विसंगती सांगतो. पदपथावर बसणाऱ्या विक्रेत्यांसाठी २०१४ मध्ये संसदेने कायदा केला. त्यांच्या उपजीविकेला संरक्षण दिले, आणि नगर विक्रेता समितीत किमान ४० टक्के जागा विक्रेत्यांच्याच प्रतिनिधींना दिल्या. हे योग्यच झाले. परंतु स्वतःच्या घराच्या ओसरीवर बसणाऱ्याला अशी कोणतीही समिती नाही. त्याचे म्हणणे ऐकून घेण्याची संधी आराखड्याच्या वेळी एकदाच येते, आणि तीही बहुधा त्याच्या नकळत निघून जाते.

यासाठी वाचकांना काही व्यवहाराच्या गोष्टी सुचवितो. आपल्या घराचा भू-उपयोग आराखड्यात काय दाखविला आहे, हे नगरनियोजन कार्यालयात जाऊन एकदा पाहून घ्यावे. घर विकावयाचे असो, त्यावर कर्ज काढावयाचे असो, की खोली भाड्याने द्यावयाची असो. बँक आणि खरेदीदार हा प्रश्न विचारतातच, आणि नोटीस लागलेल्या घराची किंमत मालकाला तेव्हाच कळते. व्यवसाय करीत असाल तर मंजूर नकाशा, गुमास्ता, वीजबिले आणि करपावत्या वर्षवार लावून ठेवाव्यात. व्यवसाय केव्हापासून चालू आहे याचा तोच पुरावा. शेजाऱ्यांशी बोलावे. यंत्राची वेळ, गाड्यांची जागा हे आपसांत ठरलेले असले तर निम्म्या तक्रारी जन्मतच नाहीत. अग्निशामक नळकांडे आणि मागची मोकळी वाट यांत काटकसर करू नये.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नवा आराखडा प्रसिद्ध होईल तेव्हा जागे असावे. कायद्याप्रमाणे मसुदा प्रसिद्ध करून हरकती आणि सूचना मागवाव्या लागतात, आणि मध्य प्रदेशात त्यासाठी ३० दिवसांची मुदत असते. ते ३० दिवस आपण लग्नकार्यात आणि दिवाळीच्या खरेदीत घालवितो, आणि पुढची वीस वर्षे कार्यालयांचे उंबरे झिजवितो. आपल्या शहरांत महाराष्ट्र मंडळे आहेत, वाचनालये आहेत, गणेशोत्सवाची मंडळे आहेत. तेथे निवृत्त अभियंते, वकील, लेखापाल बसलेले असतात. एका रविवारी त्यांनी तो नकाशा टेबलावर पसरून आळीतल्या लोकांना त्यांची त्यांची घरे दाखविली, आणि साध्या भाषेत चार ओळींची हरकत लिहून दिली, तर तो त्या संस्थेचा वर्षातला सर्वांत उपयुक्त कार्यक्रम ठरेल. व्याख्यानमालेत एक पुष्प कमी झाले तरी चालेल.

नियोजन नको, असे कोणीही विचारी मनुष्य म्हणणार नाही. आखणीवाचून शहर म्हणजे गलबला. परंतु आखणाऱ्याने कार्यालयातून उठून, गेडिस यांच्यासारखे गल्लीगल्लीतून पायी हिंडावे, ओट्यावर बसलेल्याला त्याचा दिवस कसा जातो ते विचारावे आणि मग रंगात कुंचला बुडवावा. पिवळ्या रंगाखाली माणसे राहतात हे त्याला ठाऊक असतेच. ती तेथेच कमावतातही, एवढे त्याने ध्यानात ठेवले म्हणजे झाले. आणि त्याला ते ध्यानात राहावे असे वाटत असेल, तर त्या ३० दिवसांत आपले चार ओळींचे पत्र त्याच्या टेबलावर असले पाहिजे.